चाळकेवाडी ते गोवळकोट: भरतीच्या विजेचा माग

साताऱ्याच्या माणसाला विजेचं नवल उरलेलं नाही. डोंगरावर पवनचक्क्या, खोऱ्यात कोयना, आणि या दोन्हींमधून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा आपण रोजच बघतो. माझी पुतणी सांगलीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालणारे बंधारे आणि त्यांतून मिळू शकणारी वीज, हा विषय तिने प्रोजेक्टला घेतला. घरात पहिला प्रश्न आला, "समुद्र सोडून बसलेल्या साताऱ्याला यात काय काम?"

मी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आहे. तिला म्हटलं, आपल्याच जिल्ह्यातून निघू. आधी वारा बघू, मग धरण, मग कोयनेचं पाणी जिथे समुद्राला मिळतं त्या खाडीपर्यंत खाली उतरू. पुस्तकातला आकडा त्या जागी उभं राहिल्यावर वेगळा कळतो. निघायची तारीख मुद्दाम कोजागिरीच्या आसपासची धरली. पौर्णिमेला उधाण असतं, आणि भरती बघायची तर उधाणाचीच बघावी.

पहिला दिवस: सातारा, सज्जनगड, चाळकेवाडी, पाटण

सकाळी लवकर निघालो. गाडीत मी, ही आणि पुतणी. सज्जनगडावर रामदास स्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि कड्यावरून उरमोडीचं पाणी बघितलं. पाऊस सरून थोडेच दिवस झाले होते, त्यामुळे धरण काठोकाठ भरलेलं होतं. ठोसेघरच्या धबधब्याला अजून बऱ्यापैकी पाणी होतं, पण त्याचं खरं रूप बघायचं तर श्रावणातच यावं.

ठोसेघरहून चाळकेवाडीकडे चढलं की सडा सुरू होतो. झाडी मागे पडते, आभाळ मोठं होतं आणि समोर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहतात. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याचं हे पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा सह्याद्री चढून थेट इथे आदळतो. सोनकीची शेवटची पिवळी फुलं अजून तग धरून होती.

आणि पवनचक्क्या थांबलेल्या होत्या. एखादी मनात आलं तर हळूच फिरायची, बाकीच्या गप्प. तिथे राखणीला असलेले एक दादा जवळच्याच वाडीतले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात या तुमी, मग बघा. तवा हितं उभं ऱ्हायला येत न्हाय. आता वारं पडलंय. कवा सुटंल ते कुनी सांगावं?"

पुतणीने ते तिथेच वहीत उतरवलं. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनावर ठरते. वेग निम्मा झाला की ताकद आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून जून ते सप्टेंबर हे पठार भरभरून वीज देतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात नुसतं उभं राहतं. वाऱ्याचा अंदाज हवामानशास्त्र काही दिवस आधी देऊ शकतं, त्यापलीकडे नाही.

भरतीचं तसं नाही. चंद्र आणि सूर्य कधी कुठे असतील हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं वर्षभर आधी छापून येतात, आणि हिशोब करायचा म्हटलं तर पुढच्या कित्येक वर्षांचा करता येतो. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी. पाऊस पडो न पडो, वारा असो नसो, त्यात बदल होत नाही. सौर आणि पवन यांच्या शेजारी भरतीची वीज ठेवली की तिचं पहिलं मोल इथे कळतं. ती नवी होत राहणारी आहेच, शिवाय वेळेची पक्की आहे.

सड्यावरच एका मावशींच्या टपरीत चहा झाला. सोबत गरम कांदाभजी आणि लसणाची चटणी. मावशींनी विचारलं, "कागदं कसली लिवतीय पोरगी?" तिने भरतीच्या बंधाऱ्याचं चित्र काढून दाखवलं. खाडीच्या तोंडावर आडवी भिंत, भिंतीत दरवाजे आणि दरवाजांच्या शेजारी पाण्यात बुडालेली टर्बाईन. भरतीला दरवाजे उघडून पाणी आत घ्यायचं. भरती पुरी झाली की दरवाजे बंद करायचे. बाहेरचा समुद्र ओहोटीने खाली जाऊ द्यायचा आणि पुरेसा फरक पडला की आतलं पाणी टर्बाईनमधून बाहेर सोडायचं. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी दर्या सोताच पानी वर आनून ठिवतो. आपन निस्तं अडवायचं." याहून नेमकं वर्णन मला वर्गात कधी करता आलं नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी: सड्यावर दुपारी सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी बरोबर हवं. पवनचक्क्यांच्या कुंपणात शिरू नये. संध्याकाळी धुकं उतरायच्या आत पाटणकडे खाली आलेलं बरं, वळणं अरुंद आहेत.

पाटणला मुक्काम केला. रात्री पिठलं, भाकरी, ठेचा आणि वर ताक.

दुसरा दिवस: कोयनानगर

पाटणहून कोयनानगरला जाताना नदी सतत सोबत असते. भातं पिवळी पडली होती आणि काही वावरांत कापणी सुरू झाली होती. हवेत गारवा होता.

नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं. उंची 103 मीटर, लांबी 800 मीटरच्या वर, मधोमध सहा वक्र दरवाजे. पाठीमागे शिवसागर जलाशय, साठवणक्षमता 105 टीएमसी, म्हणजे 105 अब्ज घनफूट. आकडे लहानपणापासून पाठ आहेत, तरी दर वेळी इथे आल्यावर माझा ऊर भरून येतो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने हे सगळं खोरं हादरलं, माणसं गेली, घरं पडली. धरण उभं राहिलं आणि नंतर ते आणखी मजबूत केलं गेलं.

उद्यानात एक काका भेटले. प्रकल्पातून निवृत्त झालेले, रोज फिरायला येणारे. पुतणीचा विषय ऐकून ते बाकावर बसलेच. त्यांनी सांगितलेली गोष्ट आमच्या पुऱ्या सहलीची किल्ली ठरली.

कोयनेचं पाणी दोन दिशांना जातं. पूर्वेकडे धरणाच्या पायथ्याला 40 मेगावॉटचं वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी नदीपात्राने कराडला आणि पुढे सांगलीकडे जातं, शेतं भिजवतं. पश्चिमेकडे बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात जातं आणि कोकणाच्या बाजूला खोल उतरतं. पहिला टप्पा 1962 मध्ये सुरू झाला. पहिला आणि दुसरा मिळून 600 मेगावॉट, कोळकेवाडीच्या पाण्यावर अलोऱ्याला तिसरा 320, आणि चौथा 1000. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 ला जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा थेट पाण्याला जोडला, तेव्हाची लगबग काकांनी अशी सांगितली की जणू आदल्या आठवड्यातली. सगळं मिळून 1960 मेगावॉट.

"पण हे सगळं चोवीस तास नाही चालवायचं," काका म्हणाले. "पश्चिमेला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी. कृष्णा पाणीवाटप लवादाने आखून दिलंय. जूनपासून मेपर्यंत तेवढ्यातच भागवायचं. संध्याकाळी मुंबईचे दिवे लागले, मागणी चढली, की आपलं मशीन सुरू. काही मिनिटांत पूर्ण भार घेतं. रात्री मागणी उतरली की बंद. प्रत्येक थेंब मोजून वापरायचा."

मी तिथेच पुतणीला हिशोब घालून दिला. हजार लिटर पाणी 475 मीटर खाली पडलं तर त्यातून कागदावर सुमारे 1.3 युनिट वीज मिळते. पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची उंची साधारण तेवढीच आहे. आता समुद्राच्या बंधाऱ्यात आत-बाहेरचा फरक दोन मीटर धरला तर तेवढ्याच विजेसाठी सुमारे 240 पट पाणी टर्बाईनमधून सोडावं लागेल. कोयनेकडे उंची आहे आणि पाणी मोजकं. समुद्राकडे पाणी अमाप आणि उंची बेताची. म्हणून भरतीच्या बंधाऱ्याला टर्बाईन पुष्कळ लागतात, दरवाजे पुष्कळ लागतात, भिंत लांब लागते आणि खर्च सगळा आधीच करावा लागतो. नंतर इंधनाचा पैसा नाही, पण उभारणीचं कर्ज मोठं. जगात असे बंधारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके का, याचं कारण या हिशोबात आहे.

त्यांतला सगळ्यात नावाजलेला फ्रान्समधला. ब्रिटनी प्रांतात रान्स नावाची नदी समुद्राला मिळते, तिथे 1966 मध्ये तो सुरू झाला. 750 मीटरचा बंधारा, त्यात 10 मेगावॉटची 24 टर्बाईन, एकूण 240 मेगावॉट. तिथे भरती-ओहोटीतला सरासरी फरक 8 मीटरच्या वर आणि मोठ्या उधाणाला साडेतेरा मीटरपर्यंत. वर्षाला साधारण 500 दशलक्ष युनिट मिळतात. त्याच बंधाऱ्यावरून रस्ता जातो. कोयनेचा पहिला टप्पा आणि रान्स यांची वयं जवळपास सारखी, आणि दोन्ही अजून चालतात. धरण असो की बंधारा, एकदा नीट बांधला की दोन-तीन पिढ्या वापरतात. पवनचक्की वीस-पंचवीस वर्षांत बदलावी लागते. खर्चाची तुलना करताना हे आयुष्य धरलंच पाहिजे, आणि ते बऱ्याचदा धरलं जात नाही.

रान्सची एक युक्ती मला फार आवडते. भरती पूर्ण व्हायच्या वेळी आत-बाहेरचं पाणी जवळपास एका पातळीला असतं. तेव्हा तीच टर्बाईन पंपासारखी चालवून थोडं जादा पाणी आत ओढतात. पाणी चढवायची उंची तेव्हा अगदी कमी, म्हणून वीज थोडी लागते. ओहोटी झाल्यावर तेच जादा पाणी कितीतरी मोठ्या उंचीवरून खाली येतं आणि घातल्यापेक्षा जास्त वीज परत देतं.

दुपारी जिथे जेवलो त्या घरच्या आजींचं माहेर शिवसागराच्या पाण्याखाली गेलेलं. गावाचं नाव सांगताना त्यांनी जलाशयाकडे हात केला, जणू रस्ता दाखवत होत्या. त्यांचे भाऊबंद उठून सोलापूरकडे गेले, काही सांगलीला, काही पार ठाणे-रायगडात. सहा दशकं होऊन गेली तरी पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी कोयनेचे धरणग्रस्त अजून आंदोलनाला बसतात. "उजेड सगळ्यांस्नी मिळाला, बरं झालं," आजी म्हणाल्या, "पर आमास्नी इचारलं असतं तर बरं वाटलं असतं." पुतणी त्यानंतर बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या प्रोजेक्टच्या आराखड्यात बाधित लोकांचं प्रकरण नव्हतं. संध्याकाळी तिने ते आराखड्यात घातलं आणि ते शेवटी न ठेवता दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं.

रात्री कोजागिरी. मुक्कामाच्या घरातल्यांनी अंगणात चूल मांडून केशर-वेलदोड्याचं दूध आटवलं. डोंगराआडून चंद्र वर आला तसं सगळं खोरं उजळलं. त्याच चंद्राच्या ओढीने त्या वेळी पलीकडे कोकणात पाणी चढत असणार.

जाणाऱ्यांसाठी: धरणाच्या भिंतीवर आणि वीजघरात परवानगीशिवाय जाता येत नाही, फोटोंनाही बंदी असते. शैक्षणिक सहल असेल तर आधीच रीतसर अर्ज करावा. उद्यान सगळ्यांना खुलं आहे. ओझर्ड्याचा धबधबा जवळ आहे, पण दगड निसरडे असतात.

तिसरा दिवस: कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण, गोवळकोट

हेळवाक सोडलं की थोड्याच वेळात कुंभार्ली घाट लागतो. एक-एक वळण उतरताना हवा बदलते. अंगावरची शाल निघते, खिडक्या उघडतात, पोफळीला पोचेपर्यंत घाम फुटलेला असतो. कोयनेचं पाणी याच डोंगराच्या आतून उतरतं. मी पुतणीला घाटमाथ्यावर गाडीतून उतरवून खालची दरी दाखवली आणि म्हटलं, बघ, तुझ्या हिशोबातली उंची ती ही. पोफळीत वीजवाहक तारांचं जाळं दिसतं, पण वीजघरं जमिनीखाली असल्यामुळे बाकी सगळं हिरवंगार.

अलोऱ्यानंतर हे पाणी वाशिष्ठीत येतं. कोकणातल्या बाकी नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठी वाहती राहते ती कोयनेमुळे. वीजनिर्मिती वाढली की नदी चढते आणि बंद झाली की उतरते. कृष्णेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस असा अरबी समुद्राला जाऊन मिळतो.

चिपळूणमधून वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या गोवळकोटला पोचलो तेव्हा अकरा वाजत आले होते. सुकती संपून पाणी चढायला लागलं होतं. धक्क्याच्या पायऱ्यांखाली चिकट काळा गाळ, त्यावर खेकड्यांची धावपळ, पलीकडे कांदळवन. होडी दुरुस्त करत बसलेले एक म्हातारे आजोबा होते. पुतणीने त्यांना विचारलं, "आजोबा, आज भरती किती वाजता?" त्यांनी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"काल पुनव झाली. आज प्रतिपदा. पाऊणपट कर."

कोकणातला हा हिशोब आम्हा घाटावरच्यांना माहीत नसतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. प्रतिपदेला पाऊण. किनाऱ्यावर हा अंदाज, आणि खाडीच्या आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, तो ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, हे पुतणी पुस्तकातून शिकली होती. इथे ते तिथीच्या बोटांवर मोजलं जात होतं.

आम्ही धक्क्यावर बसूनच राहिलो. एकेक पायरी पाण्याखाली जात होती. खाडीत आधी उलटे भोवरे दिसले, मग ओंडके आणि पानं वरच्या अंगाला वाहायला लागली, मग गाळ दिसेनासा झाला. दोनच्या सुमारास पाणी थबकलं. पुतणीने पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या. या किनाऱ्यावर उधाणालासुद्धा भरती-ओहोटीतला फरक तीनेक मीटरच्या आतच राहतो आणि भांगाला त्याहून पुष्कळ कमी.

आणि भरतीच्या विजेत या फरकाचा वर्ग होतो. एक चौरस किलोमीटर खाडी आणि दोन मीटर फरक धरला तर एका भरतीत कागदावर सुमारे 5,600 युनिट. तेवढ्याच खाडीत आठ मीटर फरक असेल तर सुमारे 89,000. उंची चौपट, वीज सोळापट. रान्सचं तळं 22 चौरस किलोमीटरचं, वर्षात भरत्या सातशेच्या वर. या सूत्राने येणाऱ्या आकड्याचा साधारण तिसरा हिस्सा प्रत्यक्षात हाती येतो. एवढी गळती दोन मीटरवर परवडत नाही. जाणकार सरासरी पाच मीटर तरी फरक हवा म्हणतात. म्हणजे दाभोळ, जयगड किंवा कुठल्याही कोकणी खाडीवर भरतीचा मोठा बंधारा बांधायचा विचार करू नये. कोकणाचं त्यात नुकसानच होईल आणि वीज नावालाच मिळेल.

आजोबांना मी बंधाऱ्याची कल्पना सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "पुराचं पाणी मग जाणार कुठून?" 22 जुलै 2021 चा चिपळूणचा महापूर त्यांनी छपरावरून बघितला होता. वरून अतोनात पाऊस, नदीला पूर, खालून भरती. पाण्याला समुद्रात जायला वाटच मिळेना. त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम हाती घेतलं गेलं. त्या गावात बसून खाडीच्या तोंडावर भिंत घालण्याचं बोलताना मला जपून बोलावं लागलं. दरवाजे ओहोटीला पूर्ण उघडता येतात, इतकंच उत्तर माझ्याजवळ होतं. पण भिंतीने प्रवाह मंदावतो आणि मंद पाणी गाळ टाकतं, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. रान्सचं बांधकाम चालू असताना 1963 पासून तीन वर्षं खाडी समुद्रापासून तोडून टाकली होती. आतली समुद्री जीवसृष्टी मेली आणि सावरायला दहाएक वर्षं गेली. कॅनडातल्या अ‍ॅनापोलिसचा 20 मेगावॉटचा बंधारा 1984 ला सुरू झाला, माशांच्या जिवावर उठतो म्हणून त्याच्यावर आक्षेप होते, आणि 2019 मध्ये तो बंदच झाला. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीच्या मुखावर 8,640 मेगावॉटचा महाकाय बंधारा बांधायची योजना होती. त्या देशाची पाच टक्के वीज त्याने एकट्याने दिली असती. खर्च आणि दलदलीतल्या पक्ष्यांचं काय, या प्रश्नांवर 2010 मध्ये सरकारने हात आखडता घेतला.

दक्षिण कोरियाने मात्र मला पटणारी वाट काढली. सिहवा इथे त्यांनी 1994 मध्ये समुद्रात साडेबारा किलोमीटरहून लांब भिंत घालून गोड्या पाण्याचं तळं केलं. कारखान्यांच्या सांडपाण्याने ते नासलं. मग त्याच भिंतीत 2011 मध्ये 254 मेगावॉटची टर्बाईन बसवली. समुद्राचं पाणी रोज आत-बाहेर होऊ लागलं, तळं सुधारलं आणि वर्षाला 550 दशलक्ष युनिटच्या आसपास वीज मिळू लागली. भिंत आधीच होती, तिचं पाप थोडं धुतलं गेलं. आज जगातला सगळ्यात मोठा भरतीचा वीजप्रकल्प तो आहे.

जेवण उशिरा झालं, पण बोईचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांनी उशीर भरून काढला. आजोबांनीच ठिकाण सांगितलं होतं. ही शाकाहारी, तिला त्याच घरातून कुळथाचं पिठलं आणि फणसाचे पापड मिळाले.

जाणाऱ्यांसाठी: या खाडीत मगरी आहेत, पाण्याच्या अगदी कडेला उतरू नये. उधाण बघायचं तर पौर्णिमेनंतरचा दिवस चांगला, पाणी त्या दिवशी जास्त चढतं. घाट अंधार पडायच्या आत चढावा.

चौथा दिवस: कराड, खोडशी आणि परत

घाट चढून पुन्हा पाटण, तिथून कराड. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार केला. मग कराडच्या वरच्या अंगाला खोडशीला गेलो, कृष्णेवरचा इंग्रजी अमदानीतला बंधारा बघायला. याच्यामुळे कृष्णा कालव्याला पाणी मिळतं.

पुतणीला हा बंधारा मुद्दाम दाखवायचा होता. कोयना बघून आलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरण म्हणजे उंच भिंत असते. खोडशीला भिंत बुटकी आणि लांब, आणि सगळ्या रुंदीवरून पाणी सारखं ओसंडत जातं. भरतीचा बंधारा या घराण्यातला. त्याची ताकद रुंदीत आणि पाण्याच्या राशीत. ती काठावर उभी राहून म्हणाली, "काका, मी इतके दिवस कोयनाच डोळ्यापुढे ठेवून चित्रं काढत होते." मग तिने वहीतलं चित्र पुसून आडवं, बसकं काढलं.

जेवायला एका ढाब्यावर थांबलो. कराडच्या बाजूला आलं की अख्खा मसूर खाल्ल्याशिवाय जाऊ नये. गरम रोटी, कांदा, वर लिंबू. जेवताना आम्ही सगळे धागे जुळवले.

भारतात भरतीच्या बंधाऱ्याला जागा आहे ती गुजरातेत. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक जास्तीत जास्त 11 मीटर आणि सरासरी पावणेसात मीटरच्या आसपास. कच्छच्या आखातात जास्तीत जास्त 8 आणि सरासरी पाच मीटरच्या वर. आखात आत अरुंद आणि उथळ होत जातं, त्यामुळे शिरणारं पाणी दाटून वर चढतं. खंबातला 7,000 मेगावॉट आणि कच्छला 1,200 मेगावॉटची क्षमता कितीतरी वर्षांपासून सांगितली जाते. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीत 3.75 मेगावॉटचा छोटा प्रकल्प ठरला होता, तो खर्चापायी सोडून दिला. कच्छमध्ये 2011 ला 50 मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला, तोही उभा राहिला नाही. देशात आजवर भरतीवरचं एकही व्यापारी वीजघर नाही. 2019 मध्ये केंद्राने समुद्राच्या ऊर्जेला नवीकरणीय म्हणून मान्यता दिली, तेवढं पाऊल पुढे पडलं.

माझं म्हणणं मी पुतणीला तिथेच सांगितलं. खंबातला एकदम सात हजार मेगावॉटची भिंत नको. कच्छ किंवा खंबातमध्ये एखादी लहान खाडी निवडावी, जिथे बांध किंवा रस्त्याचा भराव आधीच आहे, तिथे सिहवासारखा एक खरा प्रकल्प करावा. गाळ, मासे, मीठागरं, मच्छीमार यांच्या नोंदी आधी पाच वर्षं घ्याव्यात. आजींना जे कोणी विचारलं नाही ते तिथल्या कोळ्यांना आधी विचारावं. पण करावा. कागदावर क्षमता छापून ठेवण्याने एकही दिवा लागत नाही.

आणि यात साताऱ्याचा संबंध काय, याचं उत्तरही कोयनानगरच्या काकांनी सांगितलेल्या त्या साडेसदुसष्ट टीएमसीत आहे. गुजरात आणि महाराष्ट्र एकाच पश्चिम ग्रीडवर आहेत. भरतीची वीज वेळेला पक्की, पण ती वेळ आपल्या सोयीची नसते. रोज 50 मिनिटं सरकते, भांगाच्या आठवड्यात पडते. कोयनेचं पाणी मात्र आपण म्हणू तेव्हा सुटतं. उद्या संध्याकाळी सात ते दहा भरतीची किती वीज येणार हे महिनाभर आधी ठाऊक असेल, तर त्या वेळी कोयनेचं पाणी राखता येईल आणि भांगाच्या संध्याकाळी ते वापरता येईल. वाऱ्यासोबत असं ठरवता येत नाही, चाळकेवाडीचे दादा सांगतातच. मोजक्या पाण्याला असा भरवशाचा जोडीदार मिळाला तर तेच पाणी जास्त कामी येईल.

पुतणीने यावर जे काढलं ते मला सुचलं नव्हतं. आजोबांच्या पाऊणपटीतच ते लपलेलं होतं. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींची तिथी पंधरावी, म्हणजे एका ठिकाणी उधाणाची भरती वर्षभर साधारण एकाच वेळी येते. मुंबईला ती दुपार आणि मध्यरात्रीच्या आसपास. बंधारा भरती संपल्यावर दोन-तीन तासांनी वीज करायला लागतो. म्हणजे सगळ्यात मोठ्या भरतीची वीज दिवसाच्या कोणत्या वेळी मिळणार, हे त्या जागेवरच कायमचं ठरलेलं असतं. मुंबईहून आखाताच्या आत भरती पोचायला आणखी काही तास लागतात. जिथे उधाणाची भरती दुपारी चारच्या सुमारास पूर्ण होते, तिथली सगळ्यात भरघोस वीज थेट संध्याकाळच्या मागणीच्या वेळी पडेल. जागा निवडताना फरकाच्या मीटरइतकंच या घड्याळालाही वजन हवं, असं तिने प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

सध्या ती खंबात आणि कच्छच्या बंदरांची भरतीची कोष्टकं घेऊन बसली आहे. एका रकान्यात तिथी, दुसऱ्यात भरतीची वेळ, तिसऱ्यात फरक, चौथ्यात संध्याकाळी सात ते दहाची वीज. पाचवा रकाना कोयनेचा आहे: त्या दिवशी किती पाणी राखता आलं. भावनगरचा पहिला महिना भरून झाला आहे, बाकीचे दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मिळून भरणार आहोत.